दादाचा ऑर्केस्ट्रा

माझा भाऊ ऑर्केस्ट्रा चालवतो, हे सांगलीत मी कुणालाही सांगितलं नव्हतं. लग्नानंतर माझं आडनाव बदललेलं, तो साताऱ्यात, मी सांगलीत मुलींच्या शाळेत संगीत शिकवणारी. त्यामुळे कुणी विचारायचा प्रश्नही आला नाही. पण विचारलं असतं तरी मी विषय बदलला असता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमचं गाव कुंडलजवळ. घरी उसाची शेती. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. सोळाव्या वर्षी तो भरतीला गेला, छातीचं माप भरलं नाही, आणि कुणा साहेबाला त्याची दया आली म्हणून त्याला पलटणीच्या बँडमध्ये घेतलं. तिथं त्याच्या हातात क्लॅरिनेट दिलं. गावात त्याची थोडी चेष्टाच झाली. इतरांची पोरं बंदूक चालवायला गेली आणि आमचं पिपाणी वाजवायला गेलं, असं वडीलच म्हणायचे.

रजेवर आला की तो संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसून वाजवायचा. मी सात-आठ वर्षांची असेन. तो एक सूर लावायचा आणि मला म्हणायचा, आता तू लाव. मी लावायचे. तो सूर बदलायचा, मीही बदलायचे. मला तो खेळ वाटायचा. एका रजेत त्यानं वडिलांना सांगितलं की ही पोरगी पक्की सुरात आहे, हिला सांगलीला मामाकडे ठेवा आणि गाणं शिकवा. वडील ऐकेनात. तेव्हा तो जायच्या दिवशी जेवलाच नाही. उपाशीपोटी गाडीला निघाला. आईनं मग वडिलांच्या मागं भुणभुण लावली आणि जूनमध्ये माझी रवानगी सांगलीला झाली. माझ्या गाण्याची सुरुवात अशी दादाच्या उपोषणानं झाली.

सांगलीत मला जे गुरुजी मिळाले ते फार कडक होते. पेटीसुद्धा त्यांना नाइलाजानं चालायची. सिनेमाचं गाणं कुणी गुणगुणलं तर त्या दिवशी शिकवणी बंद. त्यांच्याकडे मी बारा वर्षं शिकले. गाणं शिकले तसंच बोलणंही शिकले. ‘हाय’ आणि ‘न्हाई’ माझ्या तोंडून गेलं. गावी गेले की चुलत्या म्हणायच्या, लय शुद्ध बोलायला लागलीस की. मला ते ऐकून बरं वाटायचं.

बांगलादेशचं युद्ध संपल्यावर दुसऱ्या वर्षी दादा पेन्शनवर आला. गावी न जाता वहिनी आणि मुलांना घेऊन साताऱ्यात राहिला. महिन्या-दोन महिन्यांत त्यानं माणसं जमवायला सुरुवात केली. पलटणीतले दोन जुने सोबती, लग्नाच्या बँडमधला एक ट्रम्पेटवाला, माण तालुक्यातला एक ढोलकीपटू, ज्याचे वडील आणि चुलते सगळे मुंबईला गिरणीत होते आणि हा एकटाच मागे राहिला होता. मिरजेहून तीन व्हायोलिनवाले, एक ॲकॉर्डियनवाली, दोन गायिका. चौदा माणसं झाली. त्यांच्यासाठी त्यानं पांढरे कोट शिवून घेतले, कोटांना लाल कॉलर. रंगमंचावर मागे चंद्राचा कटआउट, उघडझाप करणारे दिवे, मध्येच धूप जाळून केलेला धूर. एक गायक अर्धी साडी आणि अर्धा कोट घालून एका अंगानं बाईच्या आणि दुसऱ्या अंगानं पुरुषाच्या आवाजात गायचा. हे सगळं मला वहिनींच्या पत्रांतून कळायचं आणि वाचताना अंगावर काटा यायचा. कौतुकाचा नव्हे.

पहिल्याच वर्षी दादा सांगलीला आला आणि त्यानं मला विचारलं की सुट्टीत चार-सहा कार्यक्रमांत गाशील का. सिनेमाची गाणी नको असतील तर दुसरं काही बसवू म्हणाला. मी सांगितलं, गुरुजी परवानगी देणार नाहीत. खरं तर मी गुरुजींना विचारलंच नाही. तो म्हणाला, बरं, आणि चहा पिऊन निघून गेला. त्याला एवढं सहज मान्य झालं, म्हणून मला तेव्हा हायसंच वाटलं.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांचा सांगलीत एका नाट्यगृहात कार्यक्रम लागला. आदल्या दिवशी दुपारचा खेळ खास महिलांसाठी होता. दादानं सहा पास पाठवले. मी शाळेतल्या दोन सहकारी बाईंना घेऊन गेले. एका विद्यार्थिनीच्या आईनं दिले, असं सांगितलं. आम्ही मागच्या बाजूला बसलो. थिएटर बायकांनी गच्च भरलेलं, कडेवर मुलं, पिशव्यांतून भडंग. गाणी झाली, नकला झाल्या, त्या अर्ध्या साडीवाल्याला तर दोनदा बोलावलं. माझ्या सहकारी हसत होत्या, मीही थोडी हसले.

मध्यंतरानंतर दिवे निळे झाले. निवेदकानं एवढंच सांगितलं की आता गाणं नाही, फक्त वाद्यं. एक शिपाई रजेवर घरी निघालाय. मग दादा पुढे आला. रंगमंचाच्या मध्ये एक रिकामी खुर्ची होती. त्यानं विंगेतून पत्र्याची एक काळी ट्रंक आणली, खुर्चीवर ठेवली, तिच्या शेजारी उभा राहिला आणि वाजवायला लागला.

दहा-बारा मिनिटं ते चाललं. सुरुवातीला पलटणीच्या संचलनासारखं काहीतरी, मग आगगाडीचा ठेका, स्टेशनवरच्या विक्रेत्यांच्या आरोळ्या ट्रम्पेटवर. बायका हसल्या. पुढे ठेका मंदावला आणि व्हायोलिनं आणि क्लॅरिनेट आपापल्या वाटेनं चालू लागली. आमच्या गाण्यात एका वेळी एकच सूर चालतो, बाकी सगळं त्याच्या मागे. इथं चार सूर चार बाजूंना जात होते. मला तो गोंधळ वाटला. त्यात दोनदा असं झालं की सगळी वाद्यं एकदम थांबली, जणू कुणाची तरी पाळी होती आणि तो वाजवायला विसरला. मी शेजारच्या बाईंच्या कानात म्हटलं, चुकले. शेवटी हलगी, ढोल, झांजा, सगळं मिळून मोठा गजर झाला आणि पडदा पडला.

माझ्या पुढच्या रांगेतल्या बायका रडत होत्या. एक म्हातारी पदर तोंडाला लावून हलत होती. आणि मला हेही सांगायला हवं की त्या दोन थांबण्यांपैकी दुसऱ्या वेळी माझाही गळा दाटला होता. मी तो आवळून धरला. कशामुळे दाटला ते कळत नव्हतं, म्हणून मी ठरवलं की ते ट्रंकेमुळे असणार. नाटकीपणामुळे. हे ठरवल्यावर मला माझाच राग आला, आणि मग तो राग दादावर गेला. त्याला न भेटताच मी घरी आले.

त्या काळी मी सांगलीतल्या एका छोट्या संगीत मंडळाच्या कार्यकारिणीत होते. वर्षातून एकदा तीन दिवसांचा उत्सव, बाहेरून दोन मोठे गवई, बाकी गावातले. कार्यकारिणीत सात माणसं, त्यात मी एकटी बाई. त्या पावसाळ्यातल्या बैठकीत आमच्यातल्या एका सभासदानं, पेठेत कापडाचं दुकान असलेल्या एका जैन गृहस्थांनी, एक सूचना मांडली. साताऱ्याचा एक ऑर्केस्ट्रा आहे, त्याच्या कार्यक्रमात एक शुद्ध वाद्यांची रचना असते. ती चाळीस मिनिटांची आहे, पण लोक थांबणार नाहीत म्हणून थोडीशीच वाजवतात. आपण उत्सवात एक संध्याकाळ त्यांना द्यावी आणि ती पूर्ण ऐकावी. सिनेमाची गाणी नाहीत, दिवे नाहीत. ते गृहस्थ फार बोलायचे नाहीत; त्या दिवशी बोलताना त्यांचे कान लाल झाले होते.

अध्यक्ष म्हणाले, ऑर्केस्ट्रा म्हणजे करमणूक, आपल्या व्यासपीठाशी त्याचा काय संबंध. दुसरे कुणी म्हणाले, पण ऐकायला काय हरकत आहे. मग अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, बाई, तुम्ही ऐकलंय का हे?

मी हो म्हटलं. तिथं थांबता आलं असतं. माझा भाऊ आहे, म्हणून मी मत देत नाही, एवढं म्हणता आलं असतं. त्याऐवजी मी म्हणाले, “पत्र्याची ट्रंक खुर्चीवर ठेवली की बायका रडतात. त्याला संगीत लागत नाही.”

सगळे हसले. चांगलं वाक्य बोलून गेल्याचं सुख मला झालं, ते मला अजून आठवतं. कापडवाले गृहस्थ हसले नाहीत; त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. ठराव पुढे गेला नाही.

मला माहीत नव्हतं ते असं, की त्या गृहस्थांनी दादाला आधीच शब्द दिला होता. दादानं व्हायोलिनवाल्यांना दोन महिने साताऱ्याला ठेवून घेऊन पूर्ण रचनेची तालीम सुरू केली होती. नकार कळवायला त्यांनी दादाला लांबलचक पत्र लिहिलं, फार दिलगिरी व्यक्त केली, आणि दादाला वाईट वाटू नये म्हणून की स्वतःची बाजू मांडावी म्हणून, एक बाई काय म्हणाल्या तेही शब्दशः लिहिलं. बाईंचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं. पण दुपारच्या खेळाचे पास त्यानं मलाच पाठवले होते, आणि मी त्या मंडळात आहे हे त्याला ठाऊक होतं.

गणपतीनंतर एका रविवारी सकाळी तो आला. यजमान बाजारात गेले होते. मी पोहे केले, त्यानं खायला घेतले. गावाकडच्या उसाच्या लावणीचं, आईच्या गुडघ्याचं बोलणं झालं. मी पाणी आणायला उठले तेव्हा त्यानं विचारलं.

“बाय, तुला त्ये आवडलं न्हाई, का माजी लाज वाटली?”

मी तांब्या हातात धरून उभी राहिले. आवडलं नाही म्हणाले असते तर त्याला ते चाललं असतं. पलटणीत अठरा वर्षं बँडमास्तरच्या शिव्या खाल्लेला माणूस तो. वाईट वाजवलं म्हटल्यानं त्याला काही झालं नसतं. पण मला खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना. मी म्हटलं, “तसं नाही रे दादा.” तो जरा वेळ वाट बघत बसला. मग उठला, चपला घातल्या, माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्टँडकडे गेला. ताटलीत त्याचे अर्धे पोहे तसेच होते.

त्यानंतर तीन वर्षं आमचं येणं-जाणं सणासुदीपुरतं राहिलं. भांडण असं नव्हतं. भाऊबीजेला तो यायचा, ओवाळून घ्यायचा, ऑर्केस्ट्राबद्दल बोलायचा नाही. मीही विचारत नव्हते. दरम्यान माझे गुरुजी गेले. माझ्या बैठका कधी फार नव्हत्याच, त्या आणखी कमी झाल्या. शाळा, घर, मुलगी, मंडळाच्या सभा.

ऑर्केस्ट्राचं काय झालं ते मला वहिनींकडूनच कळत गेलं. ती रचना दादानं कार्यक्रमातून काढून टाकली होती. मिरजेचे व्हायोलिनवाले एकेक करून मुंबईला गेले. एका गायिकेचं लग्न झालं, सासरच्यांना पसंत नव्हतं. माणचा ढोलकीपटू सगळ्यांत जास्त टिकला, पण शेवटी त्यालाही वडिलांनी गिरणीत चिकटवून घेतलं. मग दादाच्या हिरड्या बिघडल्या. पुढचे दात हलायला लागले. क्लॅरिनेटवाल्याचे पुढचे दात गेले की सगळंच गेलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी चार दात काढले आणि त्याच वर्षी दादानं पांढरे कोट एका लग्नाच्या बँडला देऊन टाकले. दादा एका शाळेत कवायतीचा आणि बँडचा मास्तर म्हणून लागला.

हे कळल्यावर मी उन्हाळ्याच्या सुट्टीत साताऱ्याला गेले. दादा शाळेतल्या मुलांना घेऊन कुठल्याशा संचलनाला गेला होता. घरी वहिनी एकट्याच. त्या गहू निवडत होत्या, मीही सूप घेऊन बसले. पलंगाखाली ती काळी ट्रंक दिसली. मी सहज म्हटलं, ही अजून ठेवलीय होय.

वहिनींनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. “आवं वन्सं, ती काय आमची हाय व्हय?” त्या म्हणाल्या, आणि मग गहू निवडता निवडता सगळं सांगितलं.

दादाच्या बँडमध्ये जावळीकडचा, मेढ्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला एक सोबती होता. ट्रॉम्बोन वाजवायचा. दोघे एकाच वर्षी भरती झालेले, रजेवर बरोबर यायचे, सातारा रोड स्टेशनपर्यंत एकाच गाडीनं; तिथं तो उतरायचा आणि दादा पुढे जायचा. लढाई लागली की बँडवाल्यांच्या हातातली वाद्यं काढून घेतात आणि त्यांना जखमी उचलायला लावतात, हे मला माहीत नव्हतं. युद्धात दादा आणि तो एकाच स्ट्रेचरच्या दोन टोकांना होते. पुढचं टोक त्याच्याकडे होतं. तो तिथंच गेला. त्याचं सामान घरी पोचवायला दादा ट्रंक घेऊन मेढ्याला गेला. त्याच्या आईनं आतले कपडे काढून घेतले आणि ट्रंक परत दिली. आमच्यानं बघवत नाही, तूच ने, म्हणाली.

मी विचारलं, हे दादानं रंगमंचावर कधी सांगितलं का? वहिनी म्हणाल्या, कधीच नाही. निवेदकानं एकदा विचारलं होतं, असं सांगितलं तर लोक आणखी टाळ्या देतील, तर दादा त्याच्यावर फार चिडला.

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी काय बोलले होते आणि ते त्याच्यापर्यंत कसं पोचलं, हे वहिनींना माहीत होतं की नाही ते मला आजही कळलेलं नाही. त्यांनी दाखवलं नाही. पण त्यांनी ट्रंक ओढून उघडली. आत दादाचं मोडलेलं क्लॅरिनेट, काही पदकं, आणि लांबट वह्यांचा एक गठ्ठा होता. ती रचना. पाच ओळींच्या पट्ट्यांवर टिंबं आणि शेपट्या. ज्या कलेची मी परीक्षा केली होती तिची लिपीसुद्धा मला वाचता येत नव्हती. मी वहिनींना विचारून त्या वह्या बरोबर घेतल्या.

मिरजेला एक वयस्कर ख्रिस्ती बाई होत्या. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या आणि घरी पियानोच्या शिकवण्या घ्यायच्या. तंबोऱ्याच्या निमित्तानं माझं मिरजेला जाणं असायचं, तिथल्या एका वाद्यं करणाऱ्या कारागिरानं त्यांचं घर दाखवलं. मी वह्या पुढे ठेवल्या आणि म्हटलं, ओळखीच्या एका माणसाच्या आहेत, काय आहे ते सांगाल का. त्यांनी आधी चष्मा लावून नुसतं वाचलं, अर्धा तास. मग पियानोवर वाजवलं, जेवढं दोन हातांनी वाजवता येईल तेवढं. मध्येच थांबून म्हणाल्या, इथं व्हायोलिन असं धरा, आणि ते गुणगुणल्या.

मी त्यांना विचारलं, कसं आहे. त्या सरळ बोलणाऱ्या होत्या. पहिला भाग कुठल्याही पलटणीचा बँड वाजवतो तसाच आहे, त्यात नवं काही नाही. दुसरा भाग फार चांगला आहे. शेवट वाईट आहे. लोक उठून जातील अशी भीती वाटणाऱ्या माणसानं लिहिल्यासारखा, नुसता आवाज. मग त्यांनी दुसऱ्या भागाचं पान माझ्यासमोर धरलं आणि खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

“ही ट्रॉम्बोनची ओळ आहे,” त्या म्हणाल्या. “पण हिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त विराम आहेत. प्रत्येक मात्रा मोजून लिहिलेली, आणि एकही सूर नाही. मी असं कधी पाहिलं नाही. आणि इथं बघा, या दोन ठिकाणी बाकीचे सगळे त्याच्यासाठी थांबतात.”

मी त्यांना त्या दोन जागा पुन्हा वाजवायला सांगितल्या. त्यांनी वाजवल्या. सूर यायचे, थांबायचे, आणि मध्ये जी जागा राहायची तिचा आकार अगदी स्पष्ट ऐकू यायचा. नाट्यगृहात मी त्यालाच चुकले म्हटलं होतं. बारा वर्षं जी विद्या मी शिकले तिच्यात समेच्या आधीची रिकामी जागा कशी सांभाळायची हेच तर गुरुजी शिकवत होते. मला ती ऐकू आली होती. गळा त्यामुळेच दाटला होता. ट्रंकेकडे मी नंतर बोट दाखवलं.

पुष्कळदा मी स्वतःशी वाद घातला आहे की ट्रंक खरी निघाली म्हणून मला एवढं लागलं का. ट्रंक खरी असल्यानं संगीत मोठं होत नाही. बाजारातून आणलेली असती तरी दुसरा भाग तेवढाच चांगला असता आणि शेवट तेवढाच वाईट. अर्ध्या साडीच्या गाण्याला आणि धुराला मी आजही गंभीरपणे घेणार नाही. पण कोट, दिवे, चंद्र बघून मी आत काय आहे ते ऐकायचं नाकारलं. त्या मिरजेच्या बाईंनी त्याला एका दुपारी जेवढं दिलं तेवढं मी, त्याची बहीण, त्याला कधी दिलं नाही: लक्ष देऊन ऐकणं, आणि मग चांगलं-वाईट सरळ सांगणं.

दिवाळीच्या सुट्टीत मी वह्या परत द्यायला साताऱ्याला गेले. दादा घरी होता. कवळीमुळे त्याचा चेहरा वेगळा दिसत होता, बोलताना शब्द जरा निसटायचे. मी वह्या त्याच्या पुढे ठेवल्या आणि म्हणाले की मी त्या वाजवून घेतल्या. आधी मला माफी मागायची होती. वाटेत बसमध्ये मी ती मनात घोळवली होती. पण त्याचा चेहरा पाहून माझ्या तोंडून निराळंच निघालं. मी म्हटलं, दादा, तुझा दुसरा भाग चांगला आहे, पण शेवट वाईट आहे.

तो उठून बसला. कसा काय वाईट, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, त्यात गावची जत्रा आहे, घरी पोचलेला माणूस आहे, तिथं आवाज नको तर कुठं हवा. मी म्हटलं, पण एक पोचलेला नाही ना. मग आमचं जे जुंपलं ते दोन तास. वहिनी चहा ठेवून गेल्या, तो गार झाला. हलगी आधी आणावी की नंतर, क्लॅरिनेट कुठं सोडावं, मी गाऊन दाखवत होते, तो टेबलावर बोटांनी ठेका धरत होता. लहानपणीनंतर इतका वेळ आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

ट्रॉम्बोनचा विषय मी शेवटी काढला. त्यानं वहीतलं ते पान उघडलं.

“दुसरा वाजवणारा मिळत हुता की,” तो म्हणाला. “मीच घेतला न्हाई.”

मग मी मंडळातलं माझं बोलणं काढलं. तो म्हणाला, जाऊ दे. मी म्हटलं, जाऊ दे कसं. तो म्हणाला, आता वाजवायला माणसं नाहीत आणि माझ्या तोंडात दात नाहीत, ते तेव्हा झालं असतं तर झालं असतं. एवढंच. रागानं नाही बोलला. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

सांगलीला आल्यावर मी मंडळात तो विषय पुन्हा काढला. निदान चार वाद्यं जमवून दुसरा भाग तरी करू म्हटलं. अध्यक्षांना आधीचं काही आठवत नव्हतं. कापडवाले गृहस्थ मंडळ सोडून गेले होते. मिरजेत व्हायोलिनवाले शोधले; जे होते त्यांना पाच ओळींचं वाचता येत नव्हतं, ज्यांना येत होतं ते मुंबईत होते. दोन वर्षं मी खटपट केली आणि मग सोडून दिली. ती रचना पूर्ण अशी कुणीच कधी ऐकली नाही. तालमीतल्या चौदा माणसांनी ऐकली तेवढीच.

त्या दिवाळीत निघताना दादा मला साताऱ्याच्या स्टँडवर सोडायला आला होता. सांगलीची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. त्यानं विचारलं, तू अजून रोज बसतेस का रियाजाला? मी म्हटलं, बसते, पहाटे, तास-दीड तास. कार्यक्रम? मी म्हटलं, आता कुणी बोलावत नाही फारसं.

त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. “मंग ऐकतं कोण तुजं?”

कुणी नाही, मी म्हणाले. इतकी वर्षं त्याच्या समोर गावोगावची हजारो माणसं बसून गेली होती, आणि माझ्या समोर भिंत. मी ते कधी असं मांडून बघितलं नव्हतं. गाडी फलाटाला लागली, लोकांनी खिडक्यांतून रुमाल टाकायला सुरुवात केली. दादानं माझी पिशवी घेतली, गर्दीत घुसून माझ्यासाठी खिडकीची जागा धरली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला. पुढच्या खेपेला मुक्कामाला ये, सकाळी मी ऐकीन, असं तो म्हणाला.

मी येईन म्हटलं. त्या हिवाळ्यात शाळेची तपासणी होती, मग मुलीची परीक्षा, मग आईचं आजारपण. मुक्कामाला म्हणून मी त्याच्याकडे गेले ती चार वर्षांनी, आणि तोवर त्याचा एक कान गेला होता.